चौतीस कुंड्यांची परतीची तारीख

२३ जून २०२४, रविवार. सकाळी फिरून आले तर दाराच्या कडीत एक चौघडी कागद खोचलेला. सोसायटीचं लेटरहेड, जावक क्रमांक, तारीख, सगळं रीतसर. ‘सामाईक गच्चीवर आपण विनापरवानगी ठेवलेल्या कुंड्यांमुळे सदनिका क्र. ४०२ मध्ये गळती होत असल्याची तक्रार प्राप्त झाली असून, सदर कुंड्या १५ दिवसांच्या आत हटविण्यात याव्यात.’

मी बत्तीस वर्षं एका कार्यालयाच्या लेखा शाखेत काढली. ‘सदर’, ‘प्राप्त’, ‘हटविण्यात याव्यात’ असली वाक्यं मी स्वतः शेकड्याने लिहिली आहेत. ती वाचणाऱ्याच्या पोटात काय होतं, हे मात्र साठीला आल्यावर पहिल्यांदा कळलं.

दोन दिवस नुसता राग. मनातल्या मनात उत्तरं लिहीत होते, तीही कलमांसकट. तिसऱ्या दिवशी पत्र पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं, गळतीचं काय ते बघू, पण त्यातला ‘विनापरवानगी’ हा शब्द काही खोटा नाही. आमची गॅलरी उत्तरेला, ऊन येत नाही, म्हणून २०१७ मध्ये तुळस वर नेली. तुळशीला सोबत म्हणून मोगरा. मग दिंडोरी रोडच्या एका नर्सरीतून गुलाब, मग कढीपत्ता, मग लिंबाचा अर्धा ड्रम. कोणी काही म्हणालं नाही, म्हणजे परवानगी आहे, असं मी धरून चालले. सात वर्षांत मोजल्या तर चौतीस. तुमची एकच कुंडी सोसायटीच्या गच्चीवर असेल, तर आजच लेखी विचारून ठेवा. एक असताना ‘हो’ मिळणं सोपं असतं.

आमची इमारत नाशिकच्या इंदिरानगरातली. तळमजला आणि वर चार मजले, वीस सदनिका, लिफ्ट नाही. हे सगळं पुढे उपयोगी पडणार आहे.

माझं एक रविवारचं टोळकं आहे. गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर फिरायला येणारे, चार-पाच फेऱ्यांनंतर एका बाकावर टेकणारे. ओळख झाली ती झाडांवरून, पण बोलणं सगळं. कोणाच्या सुनेचा दवाखाना, कोणाच्या गुडघ्याचा एक्स-रे, काय वाचलं, पाऊस कुठवर आला. नावं लिहीत नाही, आम्ही एकमेकांना तशीही वस्तीवरूनच ओळखतो. पंचवटीच्या काकू, वय पंच्याहत्तर, जुन्या घराला मातीचं अंगण. सिडकोचे सर, निवृत्त मराठी शिक्षक, ‘सावाना’चे, म्हणजे १८४० सालच्या आमच्या सार्वजनिक वाचनालयाचे, फार जुने सभासद. मखमलाबादचे दादा, द्राक्षबागाईतदार. आणि म्हसरूळची वहिनी, नर्स आहे, ड्युटीप्रमाणे कधी येते कधी नाही.

३० जूनला बाकावर पत्र वाचून दाखवलं. आर्द्रा लागून आठ दिवस झाले होते आणि भुरभुर चालू होती. काकू म्हणाल्या, “अगं, एवढं काय त्यात? माझं अंगण आहे की.” दादा म्हणाले, “ताई, ड्रम माझ्याकडे. पण फवारणीच्या वेळी मी त्याला वेगळा धरणार नाही, आधीच सांगतो.” वहिनी म्हणाली, गॅलरीत चार मावतील, त्यात ब्रह्मकमळ मला. सर काहीच बोलले नाहीत. त्यांनी पिशवीतून शंभर पानी वही काढली आणि पहिल्या पानावर रकाने आखले: कुंडी क्र., झाड, घेणाऱ्याचं नाव, दिल्याची तारीख, परतीची तारीख.

“परतीची तारीख काय लिहू?” त्यांनी विचारलं.

तो रकाना रिकामा राहिला.

७ जुलैला, मुदतीच्या शेवटच्या दिवसाआधी, कुंड्या उतरवल्या. छोटा हत्ती दोन खेपा, खेपेला ९००. पंचवटीला ११, सिडकोला ९, मखमलाबादला ८, म्हसरूळला ४. तुळस आणि गवती चहा मी गॅलरीत ठेवले, तिथे ऊन नसलं तरी माझं लक्ष होतं. पाच जिने ड्रम उतरवताना त्याची कड फुटली. कुंड्या हलवायच्या असतील तर आदले दोन दिवस पाणी देऊ नका. हे मला ठाऊक होतं, पण पावसाला कोण सांगणार? भिजलेल्या मातीने प्रत्येक कुंडी दीडपट जड झाली होती.

त्या रात्री गच्चीवर गेले. कुंड्यांच्या जागी गोल गोल डाग. खाली आले आणि थेट झोपले.

आता अर्जाचं. पहिला अर्ज मी १ जुलैलाच दिला होता, तो सेक्रेटरींच्या हातात, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेऊन. ही पोच सोडू नका. सेक्रेटरी शेजारी आहेत, चांगले आहेत, संक्रांतीला तिळगूळ देतात, तरीही सोडू नका. पुढे दोनदा ‘तुमचा अर्ज कधी आला होता?’ हा प्रश्न निघाला आणि दोन्ही वेळा ती पोच कामी आली. दुसरं म्हणजे सोसायटीच्या उपविधींची, म्हणजे नियमांच्या पुस्तिकेची, प्रत मागून घ्या. आमच्याकडे पाच वर्षांत कोणी मागितली नव्हती, त्यामुळे ती कपाटाच्या कुठल्या खणात आहे हे शोधायलाच आठवडा गेला.

जुलैच्या मध्यावर कमिटीचं उत्तर आलं, की गच्ची सगळ्यांची आहे, तिचा वापर ठरवायचा अधिकार सर्वसाधारण सभेचा, कमिटीचा नाही. म्हणजे वार्षिक सभा. ती आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. पूर्ण अडीच महिने थांबायचं. मी चिडून विशेष सभेची मागणी करायला निघाले होते. सरांनी अडवलं. म्हणाले, एका बाईच्या कुंड्यांसाठी वीस घरांना खास बोलावलं, तर लोक येतानाच ‘नाही’ घेऊन येतील.

या थांबण्याच्या दिवसांत मला सगळ्यात जड गेली ती सकाळ. साडेसहाला वर जायची सवय, हातात झारी नाही. मग फोन सुरू झाले. आधी कुंड्यांची चौकशी, मग बाकी सगळं. काकू पावसाचं बोलायच्या तर नक्षत्रांत. “पुनर्वसू, तरणा पाऊस चालू आहे, पडेल आणि पळेल. पुष्याचा म्हातारा बसला की उठायचा नाही, तेव्हा तुझ्या गुलाबांना ओट्यावर घेते.” सरांनी दर महिन्याचा एक कार्यक्रम आखला. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ महिन्यामहिन्याने लिहिलेलं आहे, तर आपणही ज्या महिन्याचं त्याच महिन्यात वाचायचं, पुढचं पान उलटायचं नाही. बाकावर ते वाचत आणि दादा मध्येच म्हणत, “हे सगळं ठीक आहे सर, पण पाऊस मोजून किती मिलिमीटर?” सरांना राग येई. पुढच्या रविवारी दादाच आधी विचारत, “काढा पुस्तक.”

एका रात्री सव्वाअकराला फोन वाजला. एवढ्या रात्री फोन म्हणजे माझ्या छातीत धस्स झालं. वहिनी दुसऱ्या पाळीहून घरी आली होती आणि गॅलरीत ब्रह्मकमळाच्या तीन कळ्या उमलत होत्या. तिने आम्हा सगळ्यांना व्हिडिओवर घेतलं. काकूंना फोन उलटा धरायची सवय, त्यामुळे आम्हाला त्यांचं छत दिसत होतं. सरांनी अशाही वेळी सांगितलंच, की आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते मुळात निवडुंगाच्या कुळातलं, खरं ब्रह्मकमळ हिमालयात. वहिनी म्हणाली, “असू दे सर, वास तर याचाच येतोय.”

आणि मी या सगळ्या दिवसांत एक काम केलं नव्हतं. पत्रं लिहीत होते, उपविधी वाचत होते, पण माझ्यापेक्षा एक मजला वर असलेल्या ४०२ चं दार मी वाजवलं नव्हतं. ते म्हणजे तक्रारदार, ‘विरुद्ध पक्ष’. एवढी माझी कारकुनी.

वहिनीनेच विचारलं, “ताई, पण त्यांचं छत कसं आहे?” मला सांगता येईना.

२० जुलैला, शनिवारी संध्याकाळी गेले. कुंड्या काढून जवळजवळ दोन आठवडे झाले होते आणि गळती थांबली नव्हती. खरं सांगायचं तर मी त्याच आनंदात गेले होते, की बघा, माझा काही संबंध नाही. ४०२ च्या भाऊंनी आतल्या खोलीत नेलं. कोपऱ्यात छताला ताटाएवढा काळसर ओला डाग, रंगाचे पापुद्रे सुटलेले, आणि बरोबर त्याच्याखालून त्यांच्या आईचा पलंग ओढून खोलीच्या मधोमध आणलेला. मधोमध पलंग आल्यामुळे कपाटाचं दार अर्धंच उघडत होतं. उशाशी एक स्टीलचं पातेलं.

मी तयार करून नेलेली वाक्यं तशीच राहिली.

आजी म्हणाल्या, “कढीपत्ता पण नेला का गं?” मला आधी कळेना. मग कळलं, की सहा वर्षं माझ्या कढीपत्त्याचे शेंडे कोण खुडतंय हे कोडं मला सुटत नव्हतं, ते इथे सुटलं. मी समजत होते पाखरं असतील. रोज सकाळी आजी कठड्याला धरून एक मजला चढत आणि दोन डहाळ्या आणत. “फोडणीपुरता,” त्या म्हणाल्या.

त्या दिवशी भाऊ आणि मी ठरवलं, की गळती कुठून आहे ते दोघांनी मिळून बघायचं. स्ट्रक्चरल इंजिनियरची फी ३,५०० होती. ती मी भरली, कारण त्याचं पत्र मला अर्जाला जोडायचं होतं.

इंजिनियर ३ ऑगस्टला आले. गच्चीवर जेमतेम वीस मिनिटं होते, त्यातली पंधरा एकाच कोपऱ्यात उकिडवे बसून. कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तिथे सिमेंटचा गोलसर वाटा असतो, तो हातभर लांब चिरलेला होता. पाणी तिथून आत शिरत होतं. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच त्यांनी शेजारच्या पाइपच्या तोंडात दोन बोटं घातली आणि चिखलाचा बुच बाहेर काढला. लालसर, आत कोकोपीटचे धागे. “ही माती कुणाची?”

माझीच. जुनी इमारत, वाटा तर चिरणारच होता. पण माझ्या मातीने पाइपचं तोंड अर्धं बंद केल्यामुळे पाणी कोपऱ्यात साचून राहायचं आणि त्या चिरेला वेळ मिळायचा. कुंड्या काढल्या तरी बुच तिथेच होता, म्हणून गळतीही होती.

हे त्यांनी पत्रात दोन्ही बाजूंनी लिहिलं. दादांचं म्हणणं, चिखलाचं वाक्य गाळून मागा. एक रात्र मीही त्या विचारात होते. शेवटी होतं तसंच जोडलं, कारण सभेत भाऊ असणार होते आणि तो बुच त्यांनीही पाहिला होता.

वजनाचं त्यांनी जे समजावलं ते गच्चीवर बाग करणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी साधारण चौरस मीटरला १५० किलो भार धरून रचना करतात. माझ्या अर्ध्या ड्रममध्ये शंभर लिटर माती, ओली झाली की दीडशे किलोच्या पुढे, आणि ड्रमचा तळ चौरस मीटरचा जेमतेम पाव भाग. तेव्हा ड्रम गच्चीच्या मधोमध कधीच नाही. कठड्याच्या कडेला, खाली बीम असेल तिथे. आणि मातीच हलकी करा. आपली नाशिकची काळी माती कुंडीत नकोच, ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि पाणी धरून ठेवते. मी आता एक भाग पोयटा, एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट असं मिश्रण करते, तळाला सुका पाला, आणि मूठभर निंबोळी पेंड. कुंडी एका हाताने सरकवता येते.

१२ ऑगस्टला सुधारित अर्ज दिला. त्यात कुंड्यांची यादी, जागेचा हाताने काढलेला नकाशा, इंजिनियरचं पत्र, आणि पाणी कुठून घेणार ते. हा शेवटचा मुद्दा विसरू नका. सभेत पहिला प्रश्न पाण्याचाच येतो, झाडांचा नाही. मी लिहिलं, भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी आणि माझ्या घरातली बादली, सामाईक नळ नाही.

त्याच महिन्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि गोदेला पूर आला. नाशिककर पूर फुटांत मोजत नाहीत, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती कुठवर बुडाली त्यावर मोजतात. काकूंचा निरोप आला, “मारुतीच्या कमरेला लागलंय म्हणतात. आपल्याकडे काही नाही. गुलाब ओट्यावर, मी पुस्तक घेऊन बसलेय.” सिडकोहून मात्र वाईट बातमी. सरांनी मोगऱ्याला पावसात रोज पाणी घातलं होतं, नेमाने. मोगरा सडला. सरांनी वहीत त्या ओळीपुढे ‘जीर्ण’ असा शेरा मारला आणि खाली सही केली.

६ सप्टेंबरला सभेची नोटीस लागली. वार्षिक सभेला पूर्ण चौदा दिवसांची नोटीस लागते, त्यामुळे विषय नोटीस निघायच्या आधी विषयपत्रिकेवर यायला हवा. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ यात आपलं काम होईल या भरवशावर राहू नका. तिथे झालेल्या ठरावाला उद्या कोणीही बोट लावू शकतं. माझा विषय नववा होता, अकरापैकी.

२२ सप्टेंबर, रविवार, सकाळी दहा, पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या. पितृपक्ष असल्याने कोणाकडे लग्न-मुंज नव्हती, तरी दहाला अकराच जण. गणसंख्या, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यातली जी कमी ती. आमच्या वीस जणांत ती चौदा. म्हणून सभा अर्धा तास तहकूब, मग त्याच जागी पुन्हा सुरू, तेव्हा गणसंख्येची अट राहत नाही. या अर्ध्या तासात चहा झाला. मला वाटतं माझं अर्धं काम त्या चहात झालं.

सातवा विषय पार्किंगचा. त्याने सव्वा तास खाल्ला. माझ्यापर्यंत आले तेव्हा साडेबारा वाजलेले, तेरा माणसं, सगळी भुकेली. मी आठ मिनिटं बोलणार होते, दोन मिनिटांत आटोपलं. चिखलाचं वाक्य मीच वाचून दाखवलं. मग विरोध. त्यातला एकही मला फालतू वाटला नाही. उद्या सगळ्यांनी कुंड्या आणल्या तर? डासांचं काय, बशांत पाणी साचतं, दोन वर्षांपूर्वी बिल्डिंगमध्ये डेंग्यू झाला होता. आणि २०३ च्या ताई म्हणाल्या, “ते सगळं राहू द्या, उन्हाळ्यात कुरडया-पापड कुठे घालायचे?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर मीही दर वर्षी तिथेच कुरडया घालते.

उत्तर ४०२ च्या भाऊंनी दिलं. म्हणाले, पूर्वेकडची अर्धी गच्ची फेब्रुवारी ते मे मोकळी ठेवू. बाजूने आठ, विरोधात तीन, दोन तटस्थ. अटी अशा: कुंड्या जास्तीत जास्त तीस. जमिनीपासून सहा इंच उंच लोखंडी स्टँडवर. बशा नाहीत. ड्रम फक्त बीमवर. पाइपच्या तोंडाला जाळी आणि दर रविवारी सफाई. वर्षभरासाठी परवानगी, पुढच्या सभेत फेरविचार. आणि गळती झाल्यास जबाबदारीचं हमीपत्र, शंभरच्या स्टॅम्पपेपरवर.

त्याच सभेत वाट्याच्या दुरुस्तीचाही ठराव झाला.

ठरावाची प्रत आठ दिवसांत मिळेल म्हणाले, मिळाली २१ ऑक्टोबरला. सेक्रेटरी अंबडच्या कारखान्यात पाळीने कामाला जातात आणि इतिवृत्त रात्री जेवण झाल्यावर लिहितात, बिनपगारी. ते पाहिल्यावर मी तगादा कमी केला, पण एक लेखी स्मरणपत्र दिलंच. या उशिराची किंमत मला चारशे रुपये पडली. ऑक्टोबरच्या मध्यात राज्य सरकारने शंभर-दोनशेच्या स्टॅम्पऐवजी पाचशेचा केला होता. स्टॅम्पवाल्याने विचारलं, “काकू, पेपर वाचत नाही का?” वाचते, पण आमच्या टोळक्यात त्या आठवड्यात वेगळंच चाललं होतं. दादांच्या द्राक्षांची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होऊन फुटवे निघाले होते आणि परतीचा पाऊस जाता जाईना. अशा ओलीत डावणी हा बुरशीचा रोग बागेवर येतो, दोन दिवसांत पानं जातात. दादा रविवारी आले नाहीत. फोनवर फक्त म्हणाले, “ताई, तुमचा लिंबू मजेत आहे. त्याला ठिबकचं एक ड्रिपर लावलंय.” बागेचं विचारलं तर म्हणाले, बघू. त्या रविवारी सरांनी पुस्तक आणलं होतं, पण काढलं नाही. पंधरा दिवसांनी दादा आले, चेहरा उतरलेला, पण बाग वाचली होती. सगळ्यांना मिसळ त्यांनीच खिलवली.

वाट्याचं काम दिवाळीनंतर, ११ नोव्हेंबरला सुरू झालं. ओलीत करून उपयोग नसतो. चार दिवस काम. जुना वाटा फोडून चीर भरली, वॉटरप्रूफिंगचं मिश्रण घालून नवा वाटा, कोब्याला ठिगळ. मग आठवडाभर पाणी मारणं, ते मी करते म्हणून मागून घेतलं. निदान झारी हातात आली. २५ नोव्हेंबरला पाइपची तोंडं बंद करून गच्चीवर पाणी साठवलं, तीन दिवस. रोज संध्याकाळी भाऊ आणि मी आजींच्या खोलीत उभं राहून छताकडे बघत होतो. कोरडं. आजी म्हणाल्या, “बसा की, मान दुखेल.” पलंग परत भिंतीशी गेला.

खर्च ३८,००० आला, सोसायटीच्या दुरुस्ती निधीतून. माझ्या चिखलाचे म्हणून मी पाच हजार देऊ केले होते. पावती कोणत्या सदराखाली फाडायची यावर कमिटीचं एकमत होईना, शेवटी पैसे परत आले. एक माजी लेखा कर्मचारी म्हणून मला त्यांचं म्हणणं पटलं.

स्टँडवाल्याने डिसेंबर खाल्ला. ‘उद्या’ म्हणाला तो तीन आठवड्यांनी आला. ॲडव्हान्स निम्म्याहून जास्त देऊ नका, एवढंच सांगते.

१२ जानेवारी २०२५, रविवार. निफाडकडची थंडी शहरात उतरलेली, बाकावर बसवेना, म्हणून सगळे थेट माझ्या बिल्डिंगखालीच जमले. दादांची पिकअप, छोट्या हत्तीची एक खेप, आणि पाच जिन्यांसाठी दोन हमाल. सर जिन्याच्या पहिल्या पायरीवर वही घेऊन बसले. कुंडी आली की क्रमांक, झाड, आणि परतीच्या तारखेच्या रकान्यात १२/१/२५. शेवंती थंडीआधीच गेली होती, एका गुलाबाला खोडकिडा लागला होता, मोगरा आधीच ‘जीर्ण’. वहिनीच्या चारही कुंड्या माझ्याकडे असताना होत्या त्यापेक्षा टवटवीत. नाइट ड्युटी करणारी बाई झाडं जगवते आणि घरी बसणारी मी जगवू शकत नाही, हे तिने बोलून दाखवलं नाही.

पंचवटीच्या यादीत अकरा होत्या, एक मरून दहा यायला हव्या होत्या. नऊच आल्या. कढीपत्ता नव्हता.

“काकू?”

काकू दुसरीकडे बघायला लागल्या. मग म्हणाल्या, “अगं, मुळं कुंडीबाहेर आली होती. मी जमिनीत लावला. आता माझ्या खांद्याला लागतोय. उपटू का?”

सरांनी थोडा विचार करून शेरा लिहिला: ‘सभासदाकडून गहाळ’. दंड म्हणून काकूंनी सगळ्यांना गूळपोळ्या करायच्या ठरल्या आणि संक्रांतीला त्यांनी त्या केल्या.

एकूण माझा खर्च सांगते, कारण मला तो कुठेच वाचायला मिळाला नव्हता. जाताना गाडी १,८००, येताना ९००, हमाल १,२००, इंजिनियर ३,५००, स्टॅम्प-नोटरी-टायपिंग ८००, नऊ स्टँड ७,६५०, चार जाळ्या ४८०, नवी माती-खत २,३००. सगळे मिळून १८,६३०. झाडांची किंमत याच्या पाव भागही नसेल.

गच्चीवर आता अठ्ठावीस कुंड्या. माझ्या गॅलरीतली तुळस वर नेलेली नाही, तिला कमी उन्हाची सवय झाली आहे, आणि गवती चहा स्वयंपाकघराजवळच सोयीचा. म्हणजे ठरावातल्या तीसपैकी दोन जागा शिल्लक.

फेब्रुवारीच्या शेवटी, ऊन तापू लागल्यावर, काकूंनी कढीपत्त्याच्या बुंध्याशी आलेलं एक पिल्लू मुळासकट काढून दिलं. मी ते ४०२ मध्ये नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेले, तर माझ्या शेवटच्या स्टँडशेजारी एका उपड्या परातीवर रंगाचा रिकामा डबा, त्याला खिळ्याने पाडलेली तीन भोकं, आणि आत ते पिल्लू. परात सहा इंच उंच नाही, हे मी पाहिलं आणि पाहिलं नाही.

जाळ्या तपासायला सेक्रेटरी रविवारी येतात. डबा बघून म्हणाले, “हा तुमच्या यादीत नाही.”

“आजींचा आहे.”

“मग त्यांचं हमीपत्र वेगळं घ्यावं लागेल का?” ते खरंच विचारात पडले होते. “हा विषय पुढच्या सभेला ठेवतो.”

मी म्हटलं, विषयपत्रिकेवर घ्या. ऐनवेळचे विषयमध्ये नको.